टीव्ही मध्येच बोलू लागला तर: आधी आवाज कोणाचा ते शोधा, मग बंद करा

बाण उजवीकडे सरकवला की टीव्ही बोलतो, "नेटफ्लिक्स". आणखी सरकवला की "यूट्यूब". आवाज कमी करायला जावं तर तो आकडाही मोठ्याने वाचून दाखवतो, आणि सगळं इंग्रजीत. असं एकदा सुरू झालं की रिमोट घरभर फिरतो, प्रत्येक जण आपल्याला सुचेल ते बटण दाबून पाहतो आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "फॅक्टरी रिसेट मारून टाक." तो मारू नका. रिसेटने आवाज बहुधा जाईल, पण त्याबरोबर वायफायचा पासवर्ड, सगळ्या अ‍ॅपची लॉगिन, चॅनेलचं ट्यूनिंग आणि बसवलेल्या चित्राच्या सेटिंग्जही जातील. एका बटणाच्या कामासाठी अख्खी संध्याकाळ खर्ची पडेल.

खरी अडचण अशी की नको असलेला आवाज एकाच जागेवरून येत नाही. कधी टीव्ही स्वतः बोलतो. कधी त्याला जोडलेला सेट-टॉप बॉक्स किंवा फायर स्टिक बोलते. कधी एखाद्या अ‍ॅपची खोड असते, तर कधी चालू असलेल्या सिनेमाचा ऑडिओ ट्रॅकच तसा निवडलेला असतो. या चौघांची बटणं चार ठिकाणी आहेत. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये अर्धा तास शोधून काहीच सापडत नाही, कारण बोलत असतो बॉक्स. हे फार वेळा होतं. म्हणून आधी निदान, मग उपाय.

बोलणारा कोण?

टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटने टीव्हीचा सेटिंग्ज मेनू उघडा आणि बाण वर-खाली करा. मेनूतली नावं वाचून दाखवली जात असतील तर टीव्हीतला स्क्रीन रीडर चालू आहे. टीव्हीचा मेनू गप्प, पण बॉक्सचा किंवा स्टिकचा मेनू मात्र बोलतोय, तर दोष त्या बॉक्समध्ये. तरी शंका उरली तर सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून दुसऱ्या एचडीएमआयवर जा, नाहीतर बॉक्सची एचडीएमआय वायर काढून पाहा. वायर काढल्यावरही आवाज चालूच असेल तर तो टीव्हीचाच.

इथे एक गोष्ट लक्षात असू द्या. एअरटेल एक्सस्ट्रीम किंवा टाटा प्ले बिंज प्लस यांसारखे बॉक्स म्हणजे आतून अँड्रॉइड टीव्हीच, म्हणजे गूगलच्या टीव्ही सॉफ्टवेअरवर चालणारे. टीव्ही सॅमसंगचा असो की एलजीचा, या बॉक्सला स्वतःचा बोलका मेनू, स्वतःची भाषा आणि स्वतःचा असिस्टंट (आपलं बोलणं ऐकून उत्तर देणारा मदतनीस) असतो. टीव्हीच्या मेनूतून त्यातलं काहीही बंद होत नाही.

मेनूत सगळं शांत आहे, पण सिनेमा लावल्यावर संवादांच्या मधल्या जागेत कोणी "ती खिडकीपाशी येते, बाहेर पाऊस पडतोय" असं सांगत असेल, तर तो स्क्रीन रीडर नव्हे. ते ऑडिओ डिस्क्रिप्शन. पात्रं भलत्याच भाषेत बोलत असतील तर ट्रॅक बदललेला आहे. बोलणं कुठेच नाही, फक्त टिकटिक आहे, किंवा आवाज आपोआप चढतो-उतरतो, किंवा प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, तर त्या आणखी वेगळ्या तक्रारी. सगळ्यांकडे एकेक करून जाऊ.

मेनू वाचून दाखवणारा आवाज

सर्वात जास्त फोन याच आवाजासाठी येतात. ही सोय अंध आणि कमी दिसणाऱ्या लोकांसाठी आहे. अमेरिकेत २०१० साली झालेल्या सुगम्यतेच्या कायद्यामुळे आणि त्याखालच्या नियमांमुळे डिसेंबर २०१६ पासून तिथल्या नव्या टीव्हींचे मेनू दृष्टिहीनांना वापरता येणं बंधनकारक झालं. मोठ्या कंपन्या जगभर तेच सॉफ्टवेअर थोड्याफार फरकाने वापरतात, त्यामुळे ही सोय आपल्याकडच्या टीव्हीतही आली. ज्याला दिसत नाही त्याला मेनू शोधत बसता येणार नाही, म्हणून ती चालू करायचा रस्ता मुद्दाम सोपा ठेवला आहे: रिमोटवरचं एखादं ओळखीचं बटण दाबून धरायचं. मग तेच बटण उशीखाली दबतं, लहान मूल धरून बसतं, किंवा "म्यूट होत नाहीये" म्हणून आजी जरा जोर लावून दाबून ठेवतात, आणि टीव्हीला वाचा फुटते. ज्या वाटेने आवाज चालू होतो त्याच वाटेने तो बंदही होतो. म्हणून मेनूत शिरण्याआधी ती वाट वापरून पाहा.

सॅमसंगच्या टीव्हीत या सोयीचं नाव व्हॉइस गाइड. छोटा, मोजक्या बटणांचा रिमोट असेल तर आवाजाची पट्टी आत दाबून एक-दोन सेकंद धरून ठेवा. आकड्यांचा जुना, लांबट रिमोट असेल तर म्यूटचं बटण धरा. अ‍ॅक्सेसिबिलिटी शॉर्टकट्स नावाची पट्टी उघडेल. तीत व्हॉइस गाइडवर जाऊन मधलं बटण दाबलं की आवाज गेला. मेनूतून जायचं असेल तर सेटिंग्ज → जनरल → अ‍ॅक्सेसिबिलिटी → व्हॉइस गाइड सेटिंग्ज. अलीकडच्या मॉडेलमध्ये आधी ऑल सेटिंग्ज येतं आणि जनरलच्या जागी जनरल अँड प्रायव्हसी असं लिहिलेलं असतं. त्याच पट्टीत लर्न टीव्ही रिमोट असाही एक पर्याय आहे. त्यात चुकून शिरलात तर प्रत्येक बटणाचं नाव ऐकू येईल, पण बटण आपलं नेहमीचं काम करणार नाही. घाबरू नका. स्क्रीनवर बाहेर पडायची सूचना असते, तिच्याप्रमाणे बाहेर या.

एलजीमध्ये हीच सोय ऑडिओ गाइडन्स या नावाने सापडते. म्यूटचं बटण दाबून धरलं की अ‍ॅक्सेसिबिलिटीचा मेनू समोर येतो, तिथे ती बंद करा. सेटिंग्जमधून जाताना काही मॉडेलमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी हे जनरलच्या पोटात असतं, काहींत वेगळं मुख्य शीर्षक म्हणून. एलजीच्या मॅजिक रिमोटचा पॉइंटर हाताच्या हालचालीने फिरतो आणि तो ज्यावर जाईल ते वाचलं जातं, त्यामुळे बंद करायला जाताना फारच गोंगाट होतो. पॉइंटर सोडा, बाणांची बटणं वापरा.

सोनी, शाओमी, टीसीएल, वनप्लस, व्हीयू आणि इतर कितीतरी टीव्ही गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीवर चालतात. तिथे बोलणाऱ्याचं नाव टॉकबॅक. गूगल टीव्हीत सेटिंग्ज → सिस्टम → अ‍ॅक्सेसिबिलिटी → टॉकबॅक असं जाऊन बंद करायचं. जुन्या अँड्रॉइड टीव्हीत सिस्टमऐवजी डिव्हाइस प्रेफरन्सेस दिसेल. टीव्हीची भाषा मराठी केलेली असेल तरी क्रम हाच, नावं तेवढी मराठीत. शॉर्टकट चालू असेल तर बॅक आणि खालचा बाण ही दोन बटणं एकाच वेळी तीन सेकंद धरली की टॉकबॅक चालू-बंद होतो. सोनीच्या अनेक मॉडेलवर म्यूट तीन सेकंद धरलं तरी शॉर्टकटचा मेनू येतो. एकदा बंद झालं की त्याच अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या पानावर अ‍ॅक्सेसिबिलिटी शॉर्टकट हा पर्याय शोधून तोही बंद करा. आजचा आवाज टॉकबॅक बंद केल्याने जातो, पण पुढच्या आठवड्यात मुलांच्या हातून तो पुन्हा सुरू होऊ नये यासाठी शॉर्टकट बंद करावा लागतो, आणि बहुतेक लोक नेमकं तेच विसरतात.

फायर टीव्ही स्टिक, आणि रेडमीच्या काही टीव्हींसारखे फायर ओएसवर चालणारे टीव्ही, यांच्यात ही सोय व्हॉइसव्ह्यू नावाने आहे. बॅक आणि तीन आडव्या रेघांचं मेनू बटण, दोन्ही एकत्र दोन सेकंद धरा. मेनूतून: सेटिंग्ज → अ‍ॅक्सेसिबिलिटी → व्हॉइसव्ह्यू. रिमोटवरचं अलेक्साचं बटण धरून "टर्न ऑफ व्हॉइसव्ह्यू" म्हणूनही काम होतं. अ‍ॅपल टीव्ही आपल्याकडे थोड्या घरांत आहे. तिथे व्हॉइसओव्हर, सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत.

ही सगळी खटपट करण्याआधी घरात एकदा विचारा, की हे मुद्दाम तर कोणी चालू केलं नाही ना? मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्या माणसाला हा आवाजच टीव्हीचं दार उघडून देतो. त्यांच्यासाठी तो पूर्ण बंद करण्याऐवजी त्याचा वेग आणि स्वराची पट्टी कमी करता येते. व्हॉइस गाइड, टॉकबॅक, व्हॉइसव्ह्यू, सगळ्यांत तशा सेटिंग्ज आहेत. गूगल टीव्हीत अ‍ॅक्सेसिबिलिटीखालच्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये गूगलचं मराठी वाचनही निवडता येतं. इंग्रजीतल्या भराभर वाचण्यापेक्षा ते ऐकणाऱ्याला कितीतरी बरं.

संवादांच्या मधे कोणीतरी गोष्ट सांगतंय

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे दृश्यात काय घडतंय याचं तोंडी वर्णन. रेडिओवर क्रिकेटचं धावतं समालोचन ऐकलेल्यांना त्याची कल्पना लगेच येईल. नको असताना ते कानावर पडलं तर मात्र सिनेमाचा विचका होतो.

टीव्हीच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ऑडिओ डिस्क्रिप्शन नावाचं बटण असतं. सॅमसंगमध्ये ते ऑडिओ डिस्क्रिप्शन सेटिंग्जखाली, फायर टीव्हीत आणि नव्या गूगल टीव्हीत थेट अ‍ॅक्सेसिबिलिटीत. ते बंद असल्याची खात्री करा. पण नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ अशा अ‍ॅपमध्ये हा स्वतंत्र ऑडिओ ट्रॅक असतो, म्हणून तिथे अ‍ॅपमध्येच जावं लागतं. सिनेमा चालू ठेवून वरचा किंवा खालचा बाण दाबा, ऑडिओ आणि सबटायटल्सचं चिन्ह निवडा. यादीत भाषेच्या नावापुढे ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिलेला ट्रॅक निवडलेला दिसेल. त्याच भाषेचा, पुढे काहीही न लिहिलेला ट्रॅक घ्या. अ‍ॅप तुमची शेवटची निवड लक्षात ठेवतं, त्यामुळे काल एका सिनेमात चुकून निवडलेलं वर्णन आज दुसऱ्या मालिकेतही हजर होतं. एकदा नीट निवड केली की तीही तशीच लक्षात राहते.

प्रत्येक प्रोफाइलची आवड वेगळी नोंदलेली असते. आईच्या प्रोफाइलवर वर्णन ऐकू येतंय आणि तुम्ही स्वतःचं प्रोफाइल उघडून "माझ्याकडे तर काही नाही" असं फोनवर सांगत असाल, तर दोघंही बरोबर आहात.

भलतीच भाषा

यूट्यूबवर ही तक्रार नवी आहे आणि वाढते आहे. डिसेंबर २०२४ पासून यूट्यूबने आपोआप डबिंगची सोय बऱ्याच चॅनेलना दिली, आणि इंग्रजीतून ज्या भाषांत डबिंग होतं त्यांत हिंदीही आहे. परिणामी एखादा ओळखीचा इंग्रजी स्वयंपाकी किंवा विज्ञान समजावणारा अचानक सपाट, यांत्रिक हिंदीत बोलू लागतो. व्हिडिओ चालू असताना खालच्या पट्टीतलं दातेरी चाक उघडा, ऑडिओ ट्रॅक निवडा आणि ज्याच्यापुढे ओरिजिनल लिहिलंय तो घ्या. टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्येही हे करता येतं. तोच व्हिडिओ फोनवर मूळ भाषेत आणि टीव्हीवर डब होऊन येत असेल तर टीव्हीच्या अ‍ॅपमधली भाषा हिंदी आहे का ते पाहा. यूट्यूब त्यावरूनही अंदाज बांधतं.

केबल आणि डीटीएचवर मुलांची कार्टून चॅनेल, माहितीपटांची चॅनेल एकाच चित्रावर अनेक भाषांचे ट्रॅक देतात. एका चॅनेलवरच भाषा बदलली असेल तर टीव्हीत शोधू नका. बॉक्सच्या रिमोटवर ऑडिओ किंवा लँग्वेज असं लिहिलेलं बटण दाबून भाषा फिरवा. सगळ्याच चॅनेलवर गडबड असेल तर बॉक्सच्या मेनूत ऑडिओची आवडती भाषा म्हणून काय नोंदलंय ते तपासा. क्रिकेटच्या प्रक्षेपणात समालोचनाची भाषा अ‍ॅपच्या प्लेअरमध्ये बदलते. तिथे टीव्ही आणि बॉक्स दोघांचाही हात नसतो.

टिकटिक आणि आपोआप वाजणाऱ्या झलका

बाण हलवला की होणारा टिक आवाज काहींना आवडतो. रात्री शेजारी बाळ झोपलेलं असताना तो नकोच. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज → साउंड → एक्स्पर्ट सेटिंग्ज → साउंड फीडबॅक. गूगल टीव्हीत डिस्प्ले अँड साउंडखाली सिस्टम साउंड्स. फायर टीव्हीत डिस्प्ले अँड साउंड्स → ऑडिओ → नेव्हिगेशन साउंड्स. एवढंच.

झलकांचा त्रास जास्त. होम स्क्रीनवर नुसतं थांबलं तरी एखाद्या मालिकेचा ट्रेलर दणक्यात सुरू होतो. फायर टीव्हीत सेटिंग्ज → प्रेफरन्सेस → फीचर्ड कंटेंट इथे व्हिडिओ आपोआप चालणं आणि आवाज आपोआप चालणं अशी दोन बटणं आहेत. दोन्ही बंद करा, फक्त आवाज बंद केलात तर चित्र नाचतच राहील. जुन्या अँड्रॉइड टीव्हीत होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ प्रिव्ह्यू आणि ऑडिओ प्रिव्ह्यू अशी जोडी असते. गूगल टीव्हीत तुमच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स ओन्ली मोड चालू केला तर होम स्क्रीनवरच्या शिफारशी जवळजवळ संपतात. मात्र त्यात असिस्टंटही जातो. ज्यांना टीव्हीशी बोलायचंच नाही त्यांच्यासाठी हा एका दगडात दोन पक्षी.

नेटफ्लिक्सच्या झलका टीव्हीच्या सेटिंगने थांबत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी ही सोय बंद करायचा पर्याय दिला. तो शोधायला फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये खातं उघडा, आपलं प्रोफाइल निवडा, प्लेबॅक सेटिंग्जमध्ये जा आणि ब्राउझ करताना झलका आपोआप चालवण्यापुढची खूण काढा. सॅमसंगमध्ये टीव्ही लावल्याबरोबर सॅमसंग टीव्ही प्लसचं एखादं चॅनेल किंवा शेवटचं अ‍ॅप आपोआप सुरू होत असेल तर जनरलखालच्या स्मार्ट फीचर्समध्ये ऑटोरन नावाचे पर्याय बंद करा.

फोनचा स्क्रीन टीव्हीवर दाखवताना व्हॉट्सअ‍ॅपची टिंगटिंग आणि मेसेजचे आवाज सगळ्या पाहुण्यांना ऐकू येतात, तेव्हा दोष टीव्हीचा नसतो. स्क्रीन मिररिंगमध्ये फोनचा सगळा आवाज टीव्हीवर जातो. त्याऐवजी यूट्यूब किंवा फोटोच्या अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्ह वापरा, मग तेवढाच व्हिडिओ जातो. मिररिंगच हवं असेल तर आधी फोन डू नॉट डिस्टर्बवर टाका.

कान टवकारून बसलेला असिस्टंट

रिमोटवरच्या माइकचं बटण धरल्याशिवाय तो ऐकत नाही, त्यामुळे बहुतेक घरांत काळजीचं फारसं कारण नाही. न बोलावता उत्तर देणारा टीव्ही वेगळा: त्याच्या अंगातच दूरचं बोलणं पकडणारे माइक बसवलेले असतात आणि "हे गूगल", "अलेक्सा", "हाय बिक्सबी", "हाय एलजी" असे शब्द ऐकले की तो जागा होतो. मालिकेतल्या संवादातही तसा काही आवाज आला की तो दचकून बोलतो.

आधी टीव्हीच्या खालच्या कडेला, मधोमध किंवा मागे, बोटाने चाचपडून पाहा. माइक असलेल्या बऱ्याच मॉडेलवर एक छोटा सरकता स्विच असतो. तो बंद बाजूला ढकलला की माइक बंद, सहसा एक नारिंगी किंवा लाल दिवा लागतो. मला हा उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण सॉफ्टवेअर बदललं तरी स्विच जागचा हलत नाही. स्विच नसेल तर सेटिंग्जमध्ये जावं लागेल. सॅमसंगमध्ये जनरल → व्हॉइस → बिक्सबीच्या सेटिंग्जमध्ये व्हॉइस वेक-अप बंद करा. गूगल टीव्हीत खात्याखालच्या गूगल असिस्टंटमध्ये, फायर टीव्हीत सेटिंग्जमधल्या अलेक्सात, आणि एलजीत एआय सर्व्हिसच्या व्हॉइस रेकग्निशनमध्ये हातांशिवाय चालणारं ऐकणं बंद करता येतं.

टीव्ही ऐकतोय ही भीती अगदीच हवेतली नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सॅमसंगच्या गोपनीयता धोरणातल्या एका वाक्यावरून जगभर गहजब झाला होता. टीव्हीसमोर बोललेलं खासगी असलं तरी आवाज ओळखण्याच्या सोयीतून ते तिसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतं, असा त्याचा अर्थ होता, आणि कंपनीला खुलासा करावा लागला. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तिथे मुद्दा माइकचा नव्हता. लोक काय पाहतात याची माहिती त्यांच्या संमतीशिवाय टीव्ही गोळा करत होता. त्या जातीची सोय आजही टीव्हींत असते: सॅमसंगमध्ये व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस, एलजीमध्ये लाइव्ह प्लस. प्रायव्हसीच्या पानावर गेलाच आहात तर तीही बंद करून या.

आधी साठलेल्या आवाजाच्या नोंदी बंद केल्याने पुसल्या जात नाहीत. गूगलच्या नोंदी ब्राउझरमध्ये माय अ‍ॅक्टिव्हिटीच्या पानावरून, आणि अलेक्साच्या नोंदी फोनमधल्या अलेक्सा अ‍ॅपच्या प्रायव्हसी विभागातून पुसता येतात.

आवाज आपोआप चढतो-उतरतो

यात तीन वेगवेगळी कारणं सरमिसळ होतात. पहिलं म्हणजे जाहिराती. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये जाहिरातींचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं आहे, तरी ब्रेक लागला की आपण रिमोट शोधतोच. जाहिरातीतला सर्वांत मोठा आवाज मालिकेपेक्षा फार वर नसतो. पण तिथे कुजबुज आणि शांतता जवळजवळ नसतेच, सगळा आवाज दाबून एका उंच पातळीवर आणलेला असतो, आणि कानाला सरासरी जाणवते. यावर टीव्हीतला ऑटो व्हॉल्यूम उपयोगी. सॅमसंगमध्ये तो साउंडच्या एक्स्पर्ट सेटिंग्जमध्ये सापडेल, सोनीत अ‍ॅडव्हान्स्ड ऑटो व्हॉल्यूम नावाने. म्हणजे ही एक सोय चालू करून त्रास कमी होतो. गाण्याच्या कार्यक्रमांना मात्र ती मारक. आलाप हळू सुरू होऊन चढत जातो, आणि ऑटो व्हॉल्यूम तो चढच सपाट करून टाकतो. यूट्यूबमध्ये स्टेबल व्हॉल्यूम नावाची अशीच सोय आहे. मैफल ऐकताना ती व्हिडिओच्या सेटिंग्जमधून बंद करा.

दुसरं कारण टीव्हीचा अतिशहाणपणा. महागड्या टीव्हीत खोलीतला गोंगाट मोजून त्याप्रमाणे आवाज बदलण्याची सोय असते. सॅमसंगच्या वरच्या मॉडेलमधल्या अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस अ‍ॅम्प्लिफायरला बाजूला मिक्सर लागला की संवाद उचलून धरायचे असतात. आपल्याकडे ओटा आणि हॉल यांच्यात अनेकदा भिंतही नसते. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, खालून जाणारं ढोलपथक, या सगळ्यांना प्रतिसाद देत टीव्ही वर-खाली होत राहतो. जनरलखालच्या इंटेलिजंट मोड सेटिंग्जमध्ये हा अ‍ॅम्प्लिफायर आणि अ‍ॅडॅप्टिव्ह नावाने सुरू होणारे आवाजाचे पर्याय बंद करा. एलजीत साउंड मोड एआय साउंडवरून स्टँडर्डवर आणून फरक पडतो का पाहा.

तिसरं कारण साधं: टीव्ही आणि बॉक्स दोघांचे आवाज वेगवेगळे आहेत. बॉक्सचा आवाज पूर्ण वर नेऊन ठेवा आणि यापुढे फक्त टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या रिमोटने आवाज कमी-जास्त करा.

प्रत्येक वाक्य दोनदा

साउंडबार किंवा होम थिएटर जोडल्यावर घुमल्यासारखं, किंचित मागून येणारं दुसरं वाक्य ऐकू येतं. टीव्हीचा स्पीकर आणि साउंडबार दोन्ही एकाच वेळी वाजत असतात आणि त्यांच्यात काही मिलिसेकंदांचं अंतर पडतं. सेटिंग्जमधल्या साउंड आउटपुटमध्ये फक्त एचडीएमआय एआरसी, ईएआरसी किंवा ऑप्टिकल (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या जोडण्या), यांतली तुमची जी असेल ती निवडा. टीव्ही स्पीकर शब्द जोडलेला पर्याय नको. सॅमसंगची क्यू-सिम्फनी, एलजीची वॉव ऑर्केस्ट्रा या सोयी मुद्दाम दोघांना एकत्र वाजवतात. त्या त्याच कंपनीच्या साउंडबारबरोबर छान चालतात. घुमत असेल तर आधी त्या बंद करून पाहा. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर तो प्रश्न वेगळा, त्यासाठी डिजिटल आउटपुटचा डिले थोडा थोडा हलवून पाहावा लागतो. संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत मोठं येत असेल, आणि तुमचा साउंडबार साधा दोन चॅनेलचा असेल, तर डिजिटल आउटपुट ऑटोवरून पीसीएमवर (साधा, न दाबलेला आवाज) आणा. अनेकदा संवाद लगेच स्पष्ट होतात.

टीव्ही बंद केला तरी साउंडबार चालू राहतो, किंवा बॉक्स लावला की टीव्हीचा आवाज भलत्याच पातळीवर जातो, हे एचडीएमआय-सीईसीचं, म्हणजे वायरने जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देतात त्या सोयीचं, काम असू शकतं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय: सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिंपलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. ते बंद केलं तर एका रिमोटवर सगळं चालवण्याची सोय जाते, हे आधी मान्य असू द्या.

बंद केलेलं पुन्हा सुरू होतंय

सेटिंग टिकत नसेल, चित्र भडक असेल आणि स्क्रीनवर कंपनीची जाहिरात करणाऱ्या पट्ट्या येत असतील तर टीव्ही दुकानातल्या मोडवर राहिलाय. तो मोड ठरावीक वेळाने सगळं मूळपदावर नेतो. सॅमसंगमध्ये जनरल → सिस्टम मॅनेजर → यूसेज मोडमध्ये होम मोड निवडा. पिन विचारला आणि तुम्ही तो कधी बदलला नसेल तर ०००० टाकून पाहा. एलजीत होम/स्टोअर मोड असा पर्याय शोधा, सोनीत रिटेल मोड.

व्हॉइस गाइड कोणी हात न लावता मधूनच उगवत असेल तर टीव्हीपेक्षा रिमोटकडे संशयाने पाहा. सांडलेला चहा किंवा हाताचं तेल लागून म्यूटचं बटण अडकलं की टीव्हीला वाटतं कोणीतरी ते धरून ठेवलंय. रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून ठेवा आणि एक दिवस फोनवरून टीव्ही चालवा: सॅमसंगसाठी स्मार्टथिंग्ज, एलजीसाठी थिंक्यू, गूगल टीव्हीसाठी गूगल होम, फायर टीव्हीसाठी तिचं स्वतःचं अ‍ॅप. दिवसभर टीव्ही गप्प राहिला तर रिमोट कोरड्या, मऊ कपड्याने पुसून बटणं दाबून मोकळी करा. तरी अडकत असेल तर रिमोट बदला, टीव्हीच्या दुरुस्तीसाठी कोणाला बोलवायची गरज नाही.

सॉफ्टवेअर अपडेटनंतर झलका आणि शिफारशी परत येण्याची शक्यता जास्त, स्क्रीन रीडर सहसा येत नाही. दुसऱ्या गावी राहणाऱ्या आई-वडिलांचा टीव्ही फोनवरून नीट करून द्यायचा असेल तर त्यांना आधी रिमोटचा फोटो पाठवायला सांगा आणि मग टीव्हीच्या स्क्रीनचा. बटणांच्या मांडणीवरून टीव्ही कोणत्या जातीचा, कोणतं बटण धरायचं हे लगेच कळतं, आणि "ते गोल गोल आहे ना, त्याच्या बाजूचं" अशा वर्णनात दहा मिनिटं जात नाहीत.